झोप न लागलेलं अस्वल

प्रिय टोबायस,

तुझं पत्र पोचलं. नाशपाती यंदा भरपूर आल्या. मधात मुरवून सहा बरण्या भरल्या, त्यातल्या दोन तुझ्या. गुडघा सोडला तर मी मजेत आहे.

तू लिहितोस, गुरुवारी नगरसभेत तू सांगणार की शाळेतून कविता बंद करा, कवी मुलांना खोटं शिकवतात, आणि पेनफोल्ड मास्तरांना आता घरी बसवा. तू धर्मोपदेशक, तुझा शब्द सभेत कुणी मोडणार नाही. म्हणून आधी माझं ऐक. गेल्या रविवारी इथल्या चर्चमध्ये येऊन तू येशूची ती उधळ्या मुलाची गोष्ट सांगितलीस. शेजारची ॲग्नेस घरी पोचेपर्यंत डोळे पुसत होती. परतलेल्या पोराला पोटाशी धरणारा तो बाप खरंच होता का, त्याचं गाव कुठलं, हे तुला कुणी विचारलं नाही रे.

आपल्याकडे कामाला असलेली सिसली आठवते? तू दहा वर्षांचा होतास. बाबांची मधमाश्या पाळायची टोपली फुटली, आळ तिच्यावर आला, आईने तिला बोचकं बांधायला सांगितलं. त्या सकाळी तू शाळेत बायबलातल्या दहाही आज्ञा न अडखळता म्हटल्या होत्यास, 'खोटं बोलू नये' ही धरून. दुपारी पेनफोल्ड मास्तरांनी तुला नवी कविता म्हणायला दिली. मध खाऊन कोल्ह्याचं नाव सांगणारं अस्वल, आणि मग हिवाळाभर त्याला झोपच येत नाही. तिसऱ्या कडव्याला तुला रडू फुटलं. धावत घरी आलास आणि आईला म्हणालास, "तिला नको घालवूस. टोपली मी फोडली." सिसली लग्न होईपर्यंत आपल्याकडेच राहिली.

आता तीस वर्षं पोटात ठेवलेलं सांगते. तू टोपली फोडलीस ते मी पाहिलं होतं. घरी सांगायचा धीर होईना, म्हणून मास्तरांकडे गेले. ते म्हणाले, "छडीने कबूल होईल गं पोरी, पण पुढच्या वेळी नीट लपवेल. थांब जरा." आणि तिथेच बसून त्यांनी ते अस्वल रचलं. कुणाला सांगणार नाही, असं वचन घेतलं होतं माझ्याकडून. ते आज मोडते आहे, कारण गुरुवारी मास्तर स्वतःसाठी एक शब्द बोलणार नाहीत. बरण्यांबरोबर तुझी शाळेतली वही पाठवते आहे. आवडलेल्या ओळी तुम्ही 'मैत्री', 'धैर्य' अशा मथळ्यांखाली उतरवून घ्यायचात, तीच. कविता खोटी आहे, कबूल. इंग्लंडच्या रानात अस्वलं आहेत कुठे? पण तू ती कुठल्या मथळ्याखाली लिहिली आहेस ते बघ. तुझ्याच अक्षरात, 'सत्य'. बघ, आणि मग सभेला जा.

तुझीच ताई,
थॉमसिन