एक्केचाळीस नंबरचा फॉर्म

२ डिसेंबर १९९६

आप्पा पेणला कंपाउंडर होते. मी लहान असताना एकदा म्हणाले होते, "कुणाला 'कसा आहेस' असं विचारलंस, तर उत्तर येईपर्यंत उभी राहत जा." आज रोह्याहून धाटावला येताना कंपनीच्या बसमध्ये ते वाक्य आठवलं आणि हसू आलं. चाळिशी उलटल्यावर मला नेमकी तीच नोकरी मिळाली आहे, केमिकल कंपनीत कामगार कल्याण अधिकारी.

टेबल खिडकीशी आहे. कॅन्टीनच्या गिरजाबाईंनी न सांगता आल्याचा चहा आणून ठेवला. मॅनेजर हैबतराव साहेबांनी पहिलं काम दिलं. कामगार किती समाधानी आहेत, याची पाहणी. वीस प्रश्नांचा छापील फॉर्म, शेवटी सूचनांसाठी चार ओळी. नाव लिहायचं नाही, बिल्ल्याचा नंबर तेवढा.

४ डिसेंबर

कॅन्टीनमध्ये बसून फॉर्म भरून घेतले. लिहिता येत नाही त्यांचे मी लिहिले. निडी गावचा कान्हू, बिल्ला अठ्ठ्याऐंशी, टाक्या साफ करतो. जेवणाबद्दल विचारलं तर म्हणाला, "डालीत डाल शोधाला येक मानूस लावा." सगळे हसले. मग हळूच म्हणाला, "पन समाधानी लिवा बाय. पोरीचं लगीन हाय."

त्याच्याकडूनच इथली एक रीत कळली. टाकीत उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला बाहेरच्या खिळ्यावर अडकवायचा आणि वर आल्यावर स्वतःच काढायचा. दुसऱ्याचा बिल्ला कुणी काढत नाही.

गिरजाबाई कप उचलताना म्हणाल्या, "गेल्या साली पन असंच कागद वाटलेलं. गठ्ठा बांधला नि कपाटात टाकला. तू तरी वाच गो."

६ डिसेंबर

फॉर्म दिले एकशे चाळीस, परत आले एकशे एक्केचाळीस. जास्तीचा फॉर्म ओलसर आहे, त्याला आंबट वास येतो. बिल्ला एक्केचाळीस. सूचनांच्या जागी टपोऱ्या अक्षरात लिहिलंय, "तीन नंबरच्या टाकीचा पंखा बंद आहे. आत हवा येत नाही."

हजेरीपटात एक्केचाळीस म्हणजे पुंडलिक. नावावर लाल रेघ. गिरजाबाईंनी सांगितलं, गेल्या वर्षी तीन नंबरच्या टाकीतच गुदमरून गेला.

साहेबांना दाखवला. कुणाचा तरी चावटपणा आहे, म्हणाले. पाहणीचा अहवाल तयारच होता, ब्याण्णव टक्के समाधानी. मुंबईच्या पाहुण्यांसाठी तो मागच्याच आठवड्यात टाइप झाला होता. मी अजून निम्मे फॉर्मही वाचले नव्हते.

पंख्याचं विचारलं. नवा येतोय, म्हणाले.

९ डिसेंबर

कपाट उघडलं. गेल्या वर्षीचा गठ्ठा तसाच होता, सुतळीची गाठही कुणी सोडली नव्हती. आत एक्केचाळीस नंबरचा फॉर्म सापडला. तेच अक्षर, तेच वाक्य. तारीख तो जायच्या नऊ दिवस आधीची.

म्हणजे त्याने सांगितलं होतं. विचारल्यावर सांगितलं होतं.

दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले. जुन्याची शाई फिकट झाली आहे. नव्याची बोटाला लागली. तीन दिवस झाले तरी ओली.

११ डिसेंबर

सकाळी यंदाच्या फॉर्मचा गठ्ठा सोडला. प्रत्येक फॉर्मच्या शेवटी तेच वाक्य आहे. एकशे चाळीस वेळा. कान्हूच्याही फॉर्मवर, आणि तो तर मी भरला होता.

साहेबांकडे नेले. त्यांना सूचनांच्या जागा कोऱ्या दिसल्या. त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. पेणला जाऊन दोन दिवस विश्रांती घ्या, म्हणाले.

वास आता माझ्या पदराला येतो.

१२ डिसेंबर

परवा पाहुणे येणार. म्हणून उद्या तीन नंबरची टाकी साफ करायची. पाळी कान्हूची.

पंखा बंदच आहे. मी स्वतः जाऊन बटण दाबून पाहिलं. खिळ्यावर एक्केचाळीसचा बिल्ला होता. मुकादम म्हणाला, मेलेल्याचा म्हणून मीच रोज काढून ऑफिसात देतो, सकाळी परत इथंच. कान्हूला सांगितलं, जाऊ नकोस. तो म्हणाला, "नाय म्हनून कसं चालंल, बाय? तुमी सायबाला सांगा ना."

सांगितलं. पुन्हा सांगितलं. पंखा पुढच्या महिन्यात.

१३ डिसेंबर, सकाळी पावणेदहा

धावत टाकीपाशी गेले. एक्केचाळीस काढून टाकलाय. खिळ्यावर अठ्ठ्याऐंशी.

कान्हू आत. हाक मारली. एकदा ओ आली. मग —

मुकादम त्याच्या कमरेचा दोर ओढायला तयार नाही. साहेबांची सही आण, म्हणतो. साहेबांचं दार बंद, शिपाई म्हणतो, चिठ्ठी द्या.

माझ्या टेबलावर एक फॉर्म आहे. ओला. बिल्ला अठ्ठ्याऐंशी. अक्षर पुंडलिकचं — "बाई, तुम्ही तरी वाचलंत. आता —"

पुढचं पुसलंय.

दुसरा कोरा कागद नाही. हेच पान फाडून आत पाठवते.

हैबतराव साहेब, तुम्ही नाहीच म्हणाल हे मला माहीत आहे. तरी मागते. उत्तर येईपर्यंत मी दाराशी उभी आहे. पाहणी नको, अहवाल नको, फक्त एक सही द्या, कान्हूला वर