स्टार्टरवरचा टॉवेल

३ फेब्रुवारी, आटपाडी
आले एकदाची! मलकापूरपासून एसटीत उभी, तरी मन खूश आहे. नानासोंच्या डाळिंबाच्या बागेतली विहिरीची मोटर मोबाइलवरून चालू-बंद करून द्यायची, हे माझं काम. यंत्र म्हणजे पत्त्यांच्या डबीएवढा संगणक, नुसता एक बोर्ड. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. लॅपटॉपवर मेमरी कार्ड भरायचं, त्यात वायफायचं नाव नि पासवर्ड लिहायचा, बोर्डात खुपसायचं आणि लांबूनच लॉगिन करून आत शिरायचं. पहिल्या फटक्यात शिरले! नानासोंच्या बायकोने, चंद्राबाईंनी, गरम बाजरीची भाकरी वाढली.

५ फेब्रुवारी
डोकं फिरलंय. स्टार्टरच्या पेटीवर कुणीतरी मळका टॉवेल टाकला होता. तो फेकून बटण दाबणार, तेवढ्यात विहिरीतून बागेतले गडी आकारामदादा बोंबलले. पाण्यातल्या मोटरची जाळी साफ करायला उतरले होते. वर येऊन मला झापलं, "आवं ताई, टावेल हाय म्हंजी मानूस खाली हाय! लय जुनी मोटर, पान्यात करंट उतरतोय." बरोबरच होतं त्यांचं. राग माझाच आला, आणि नानासोंचाही. एवढी गोष्ट पहिल्या दिवशी सांगायला तोंड शिवलं होतं का? बोर्डाला तर टॉवेल दिसतच नाही.

७ फेब्रुवारी
आत शिरलं की आपल्याआधी कोण येऊन गेलं, ते बोर्ड दाखवतो. नाव आलं, धुळा. असं नाव मी कुणाला दिलेलंच नाही. कार्ड पुसून नव्याने भरलं. पुन्हा धुळा. नानासोंना विचारलं, तर म्हणे तुमचं शिक्षणच कच्चं. माझं शिक्षण काढतात!

८ फेब्रुवारी
आकारामदादा आज बोलले. धुळा त्यांचा धाकटा भाऊ. दिवाळीनंतर जाळी साफ करायला उतरला, रीतीप्रमाणे टॉवेल टाकून. नानासोंनी सांगलीत बसून मोबाइलवर बटण दाबलं. याच बोर्डाने मोटर सुरू झाली, पाण्यात करंट उतरला, धुळा गेला. गावात सांगितलं, पाय घसरला. नालायक माणूस! आणि मला बोर्ड नवाकोरा म्हणून दिला.

९ फेब्रुवारी
विहिरीत कुणी नाही, हे दोनदा पाहिलं. टॉवेल नसताना मोटर गप्प. टॉवेल टाकला— सुरू. मी काहीच दाबलं नव्हतं. बोर्डातलं कार्ड काढलं. पुन्हा टॉवेल टाकला. सुरू.

१० फेब्रुवारी, सकाळ
जाळी तुंबली. नानासो आकारामदादांनाच उतरायला लावतायत. दादा मागे सरकतायत. मी भडकले. धोका नाही अशी एवढी खात्री असेल तर तुम्हीच उतरा, मी म्हणाले. नानासो हसले. म्या भुताला भितो व्हय, म्हणत कपडे काढले. टॉवेल तेवढा टाकू नका, असं मी ओरडून सांगितलं— त्यांनी मुद्दाम टाकला, मला दाखवायला.

अकरा वाजता
नानासो खाली विहिरीत. बोर्डाची वायर तोडली. तिन्ही फ्यूज माझ्या मुठीत. सगळं लिहून ठेवतेय, उद्या कुणी पाय घसरला म्हणायला नको.

टॉवेल काढायला हवा. दोन पावलांवर आहे. मी उठत नाही. दादाही उठत नाहीत. एवढा राग—

लॅपटॉपवर ओळ आली. धुळा आत आला.

नको— दादा धावले— टॉवेल ओढतायत, निघत नाही— नानासो, वर या— फ्यूज माझ्याकडेच आहेत, तरी स्टार्टर खट—