नळी मोठी की मध्यम

हॉलिनशॉ, यॉर्कशायर
९ मार्च १९६६

प्रिय क्लिफर्ड,

तुझं नाताळचं पत्र फेब्रुवारीत मिळालं. ऑस्ट्रेलियातला उन्हाळा, पोलादाचा कारखाना, नवं घर, सगळं वाचलं. उत्तराला उशीर झाला, कारण दोनदा लिहिलं आणि दोनदा शेगडीत टाकलं. हे तिसरं. हे मात्र पोस्टात पडणारच, कारण याच्याबरोबर आणखी एक कागद जायचाय आणि त्याला शुक्रवारची मुदत आहे.

बातमी अशी की आपल्या बँडचा सूर उतरवायचा ठरलाय. सगळीकडेच तसं चाललंय. जुन्या चढ्या सुराची वाद्यं आता कुणी बनवत नाही, म्हणून झाडून सगळं पितळ बदलायचं. तुझं ते मांडीवर घेऊन फुंकायचं युफोनियमसुद्धा. कारखान्याकडून मागणीचा कागद आला, त्यात युफोनियमपुढे एकच प्रश्न: नळी मोठी हवी की मध्यम? फरक म्हणशील तर नखाच्या जाडीएवढा. पण त्यावरून गेल्या आठवड्यात मंगळवारी बँडच्या खोलीत जो गोंधळ झाला, तो बघून तू पोट धरून हसला असतास.

आपला ढोलवाला पर्सी म्हणाला, "मोठीच मागवा. क्लिफ आल्यावर काय त्याच्या हातात पिपाणी देणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. तुला जाऊन साडेतीन वर्षं झाली, तरी ती खुर्ची 'क्लिफची खुर्ची'च आहे. त्यातली तीन वर्षं तिथे बसून मी वाजवतेय, पण मी म्हणजे आपली राखणदार. मी म्हटलं, "आणि तो येईपर्यंत फुंकायचं कुणी? तुझ्या आजीनं?" तर म्हणतो कसा, "तूच फुंक की! दमलीस की घरी बसशील, तेवढीच आम्हाला शांतता." मेला! बँडमास्तर अर्नशॉ मात्र हसले नाहीत. तोंडातला पाइप काढून म्हणाले, "जो वाजवतो त्यानं नळी सांगायची. एल्सी, कागद घरी घेऊन जा."

जाताना तू मला म्हणाला होतास, "झडपांना तेवढं तेल घालत जा गं, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे." तिकडच्या सरकारनं स्वस्त तिकिटात नेलं म्हणजे दोन वर्षं राहणं भागच होतं, ते मला मान्य होतं. तेल घालता घालता, झडपा चिकटू नयेत म्हणून मी फुंकायला लागले. पहिल्या दिवशी आईनं उशी फेकून मारली. दिवसभर गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात कान किटायचे, घरी आल्यावर तेवढा एकच आवाज ऐकावासा वाटायचा. खरं सांगू? ओठाला लावायच्या त्या वाटीवर तुझ्या ओठांची ऊब राहिली असेल, असं मला वाटायचं. हसू नकोस.

मोठ्या नळीचा सोस किती वाईट, ते आम्ही गेल्या व्हिट शुक्रवारी, बँडांच्या मिरवणुकीत पाहिलं. पलीकडच्या गावानं सगळी वाद्यं मोठ्या नळीची घेतली होती, आवाज कसा भरदार म्हणून. चर्चची चढण चढताना अर्ध्या वाटेत सगळे लालबुंद! वर पोचले तेव्हा त्यांचा फक्त ढोल वाजत होता. बँडवाल्यांची ही जुनीच खोड, छाती मोजायची सोडून नळी मोजतात. तरी मी त्यांचंच एक युफोनियम दोन दिवसांसाठी मागून आणलं. म्हटलं, न वाजवता नाक कशाला मुरडा.

काल कामावरून आल्यावर वाजवलं. क्लिफ, पहिल्याच सुराला अंगावर काटा आला. तो तुझा आवाज होता. त्या जुन्या अरुंद नळीतून तू जो भरून काढायचास, तो या मोठ्या नळीतून माझ्याकडूनही निघाला. चॅपेलच्या पायरीपासून पुलापर्यंत तू एका श्वासात सूर धरून चालायचास आणि मी मागून धापा टाकत यायचे, सगळं आठवलं. जेमतेम दोन ओळी वाजवल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग जिन्यावर बसून रडले. आईनं या वेळी उशी फेकली नाही, चहा आणून दिला.

मग बँडमास्तरांनी नमुन्याला मागवलेलं मध्यम नळीचं वाजवलं. आवाज लहान, काठाला थोडा करकरीत. पण आख्खी धून न थांबता वाजली आणि पुढची सुरू करावीशी वाटली. हा आवाज कुणासारखा आहे, असा मी विचार करत राहिले. कुणासारखाच नव्हता. माझाच होता.

तुझ्या पत्रात 'आम्ही घर घेतलं' असं आहे, 'आम्हाला इथली हवा मानवली' असं आहे. ती कोण ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. साडेतीन वर्षं मी तुझी वाट पाहिली, दर गुरुवारी सरावाला दाराकडे बघत वाजवलं. उद्या तू त्या दारातून आत आलास तर मी वाद्यबिद्य टाकून वेड्यासारखी धावेन, त्यात लाज कसली! पण कागदावर मी 'मध्यम' लिहिलंय. पर्सीची बहीण तुला कळवल्यावाचून राहायची नाही. तिच्या आधी ते माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुझा तो आवाज आता या बँडमध्ये पुन्हा घुमायचा नाही, आणि हे मी माझ्या हातानं केलंय. खुर्ची आता माझी आहे.

तुझी
(पुढे 'च' लिहायला हात गेला होता, आवरला)
एल्सी