रेकॉर्ड आईला, प्लेअर बाबांना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सव्वीस, ध्वनिसंग्रहालयात तात्पुरती सूचीकार, घरातली पहिली पदवीधर (हे लिहायची कायद्याने गरज नाही, तरी लिहिते), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, ती उद्या सकाळी बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. मग कागदावर तीन सह्या कशाला घेतल्या, असे मी विचारले, तेव्हा ते हसले. म्हणून हे लिहिते.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, करावी. तो वायरमन आहे. त्याच्या हाताला दुरुस्तीची खाज आहे. ती त्याने या कामापुरती आवरावी. कारण कलम पाचमध्ये आहे.

२. बँकेत जे थोडेफार असेल ते दादाच्या मुलीच्या शिक्षणासाठी. माझी सायकलही तिलाच, पाय पुरू लागले की.

३. पदवीचे प्रमाणपत्र बाबांकडे राहील. "मुलीला इतकं शिकवून काय दिवे लावणार आहेस?" असे आत्या बाबांना माझ्यासमोर म्हणाली होती. तिला ते दाखवावे, देऊ नये. फ्रेमची काच पुसून दाखवावी.

४. संग्रहालयातल्या माझ्या टेबलाच्या खणात एक सूचीकार्ड आहे. प्रत्येक रेकॉर्ड ऐकून तिची गती, स्वर आणि भाव अशा कार्डावर लिहायचे, हे माझे काम. हे कार्ड आमच्या घरी आहे त्याच रेकॉर्डचे आहे: तीनशे वर्षांपूर्वीच्या एका ऑपेरातले राणीचे गाणे. मी ते न ऐकताच भरले, कारण मला ते पाठ होते. गती: मंद. स्वर: डी मेजर, म्हणजे पेटीवरची आपली पांढरी दोन. भाव: वाट पाहणे. मुख्य बाईंनी लाल शाईने खोडून लिहिले: "गती मध्यम. ई फ्लॅट, काळी दोन. भाव: आर्जव. कान तपासून घ्या." मी तिथल्या यंत्रावर रेकॉर्ड लावली. बाईंचे बरोबर होते. गाणे उजळ होते, लगबगीचे होते, आणि माझ्या ओळखीचे नव्हते. ते कार्ड तसेच, लाल शाईसकट, जपून ठेवावे.

५. आता मुख्य गोष्ट.

आई कपडे शिवायची. एका निवृत्त गायनशिक्षिकेकडे ती मापे घ्यायला जाई. त्यांनी तिला ही रेकॉर्ड दिली. आमचा जुना रेकॉर्डप्लेअर तेव्हा बंद होता. बाबा शिलाई यंत्रे दुरुस्त करतात. मोटरचे चाक झिजले होते, ते त्यांनी कारखान्यातल्या लेथवर पितळेचे नवे घडवले. ते दोराभर बारीक झाले. बारीक चाक तबकडी हळू फिरवते. मग गाणेही हळू चालते आणि स्वरही उतरतो. वर्षभर आई याच उतरलेल्या स्वरात गुणगुणत काजे-बटणे करत असे. आम्हाला वाटे, गाणे असेच आहे.

मग एकदा शिक्षिकाबाईंनी तिला त्यांच्या यंत्रावर ते ऐकवले. त्या दिवशी आई घरी आली ती चिडूनच.

"अहो, बाईंकडे हेच गाणं कसं धावतं! आपलं म्हणजे नुसतं मेंगळट. तुमच्या हातनं एक गोष्ट धड होत नाही."

बाबांनी पाना खाली ठेवला. "तिकडचंच आवडतं ना? मग तिकडेच जाऊन ऐक."

भांडण तेवढ्यावरचे नव्हते, हे मला आता कळते. पण शेवटचे वाक्य तेच होते. आई मावशीच्या गावी गेली आणि तिथेच दुकान टाकून राहिली. मी अकरा वर्षांची होते. ती येईन म्हणाली नाही, बाबा ये म्हणाले नाहीत. प्लेअरवर तेव्हापासून कापड आहे.

बाबा कामावर गेले की मी ते कापड काढत असे. एकदा ते लवकर परतले. जिन्यात हत्यारांच्या पिशवीचा आवाज आला, आणि थांबला. गाणे संपेपर्यंत ते जिन्यातच उभे होते. मग आत येऊन म्हणाले, "चहा टाक."

आईकडे रेकॉर्ड नाही, प्लेअरही नाही. पण फोनवर बोलताना सुईत दोरा ओवायला थांबली की ती गुणगुणते. मागच्या महिन्यात मी फोन कानाशी धरून संग्रहालयाच्या पियानोवर तो स्वर पडताळला. पांढरी दोन. पंधरा वर्षांनीही आमच्या घरचाच स्वर.

ही गोष्ट मी तिथला पियानो जुळवणाऱ्या काकांना सांगितली, तर ते खो खो हसले. "अगं, त्या काळी त्या लोकांची वाद्यंच साधारण अर्ध्या स्वरानं खाली लावलेली असायची. राणी पहिल्यांदा गायली तेव्हा ती तुमच्या घरच्यासारखीच गायली असेल. वडलांना पाठव माझ्याकडे कामाला!"

बाबा, तुमचे चाक चुकले होते, हे मी खोटे सांगणार नाही. पण स्वर चुकला नव्हता. आई, तुझेही बरोबर होते. राणीची मूळ गती मात्र कोणालाच ठाऊक नाही.

म्हणून: रेकॉर्ड आईला. प्लेअर बाबांना. दादाने चाक बदलू नये, "दहा मिनिटांचं काम आहे" असेही म्हणू नये. आईने ही रेकॉर्ड दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर लावू नये. ऐकावीशी वाटली तर बाबांकडे यावे. बाबांनी दार उघडावे. जिन्यात उभे राहू नये.

६. त्या गाण्याचे तीन भाग आहेत. पहिला भाग विनवणीचा. मधला रागाचा, अगदी छोटा. मग पहिलाच भाग पुन्हा येतो, पण गाणारी तो आता जरा निराळा गाते. तुमचा मधला भाग फार लांबला आहे.

७. मी उद्या वाचले तर हे मृत्युपत्र रद्द समजावे, कलम पाच सोडून. ते मी जिवंत असतानाही लागू राहील.

(सिस्टर वाचून म्हणाल्या, "असं नसतं गं मृत्युपत्रात." मी म्हटले, "माहीत आहे. तुम्ही सही करा." शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, "आण इकडे, मी आधी करते.")

साक्षीदार पहिली: शेजारच्या खाटेवरच्या आजी, निवृत्त शिक्षिका (सही)
साक्षीदार दुसरी: दुपारपाळीच्या सिस्टर (सही, नाखुशीने)

मृत्युपत्र करणारी: धाकटी (सही)

स्थळ: हृदयविभाग, दुसरा मजला, खिडकीकडची खाट
वार व वेळ: शुक्रवार, दुपारचे चार. पाच वाजता बाबा भेटायला येतील. आईची गाडी पावणेपाचला पोहोचते. दोघांनाही मी एकमेकांचे सांगितलेले नाही.