बेडकीचा वेल आणि दहाव्याचा कावळा

मी, सयाजी जोतीराम थोरात, वय अडुसष्ट, फार्मसी कॉलेजातला निवृत्त प्राध्यापक, राहणार आष्टा, जिल्हा सांगली. मधुमेहानं डावा पाय गेला, मूत्रपिंडं गेली. डोकं मात्र शाबूत आहे. कुणाच्या दबावाखाली न येता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी अंकिता हिला. फ्रिजही तिचाच. त्यात तिचं इन्सुलिन असतं, शाळेत असल्यापासून पोर त्यावर जगते. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

२. परड्यातला बेडकीचा, म्हणजे गुडमारचा, वेल मुळासकट उपटावा. त्याच्या पाल्याचा अर्क मी बरीच वर्षं प्रयोगशाळेत तपासला. मधुमेही उंदरांची साखर थोडी उतरली. माणसांवर तो मी तपासलाच नाही. माझं काम एवढंच. बाकीच्या गप्पा माझा धाकटा भाऊ भाऊसो याच्या.

३. भाऊसोला माझी मोटारसायकल द्यावी. माफी देत नाही. बेडकीचा पाला चघळला की जिभेला काही वेळ गोड कळत नाही. माझी बायको चंद्राबाई, तीही मधुमेही, तिला यानं पाला चारला, वर गूळ दिला. "वैनी, मातीगत लागतोय न्हवं? मग साखर मेलीच की! सुया कशाला टोचून घेताय?" अरे गाढवा, जीभ बधिर झाली होती, रक्तातली साखर होती तशीच होती! चंद्रानं इन्सुलिन सोडलं. मी ओरडत राहिलो, कुणी ऐकलं नाही. महिन्याच्या आत ती बेशुद्ध पडली, ती उठलीच नाही.

४. तिच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. भाऊसो हात जोडून म्हणाला, "वैनी, लोकांस्नी पाला द्यायचं बंद करनार न्हाई, शब्द देतो." नेमका कावळा उतरला. झालं! चंद्राचीच तशी इच्छा होती, असं गावभर झालं. आता तो सुया सोड, पाला खा म्हणून अंकिताच्या मागे लागलाय आणि पोर भिडस्त आहे. मला मरणाची भीती नाही, माझ्या दहाव्याची आहे.

५. म्हणून माझ्या पिंडासमोर पाल्याचा शब्द कुणीही द्यायचा नाही. कावळा भूक लागली की येतो. नाही आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववावा. कावळा शिवेपर्यंत घरचं कुणी जेवत नाही, मला माहीत आहे. अंकिता, तू थांबायचं नाहीस. घरून डबा घेऊन जा. वेळ झाली की सगळ्यांदेखत, काकासमोर, इंजेक्शन घे आणि पोटभर जेव. माझी इच्छा तेवढीच आहे, बाळा. मग कावळा शिवो, न शिवो.

स्थळ: आष्टा
दिनांक: १२ जानेवारी २०२४
सही: सयाजी जोतीराम थोरात

वरील मजकूर सयाजीरावांनी आमच्यासमोर स्वतः वाचला व सही केली.
साक्षीदार:
१. क्रांती अर्जुना माने, आष्टा
२. बाळासो जयराज शेलार, आष्टा