बाभळीची पट्टी

प्रिय अनुसया,

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोन लावला होता, पण वाजायच्या आधीच बंद केला. बोलण्यात मी कधीच नव्हतो. तुझा बाप आम्हा दोघांच्या वाटणीचं बोलायचा. कारखान्याचा बॉयलर यंदाही पेटला नाही. ऊसच नाही, तर पेटवून काय करणार. टँकर आला की गल्लीत तेवढा आवाज होतो, मग पुन्हा सगळं गप्प.

तू बीडला फिटरचं शिकतेस हे कळलं तेव्हा बरं वाटलं. म्हणून तुला समजेल असं एक काम सांगतो. ओढ्याकाठची आपली बाभूळ या दुष्काळात वाळली. तिची फळी काढून मी हत्यारं लावायची पट्टी केली आहे. खिळ्यांची नव्हे, चुंबकाची. मागून खाचा कोरल्या, चुंबक बसवले, एम-सील भरलं. समोरून नुसतं लाकूड दिसतं. पटाशी, कानस, पाना, सुरी, काहीही नेऊन टेकवलं की तिथंच राहतं, आणि हत्यारावर हत्यार आदळून धार जात नाही. पहिल्यांदा समोरचं लाकूड जाड राहिलं, तर कोयता सरकत सरकत खाली आला आणि पायाजवळ पडला. मग रंध्यानं थोडं थोडं काढत गेलो. जास्त काढलं की चुंबक उघडा पडतो, त्यामुळे घाई करता येत नाही. चुंबक कुठले म्हणशील, तर कारखान्याच्या निवडणुकीतल्या प्रचाराच्या कर्ण्यांचे. भंगारवाल्याकडे दोन्ही पॅनेलचे कर्णे एकाच पोत्यात होते.

ती निवडणूक तुला आठवत असेल, तू तेव्हा शाळेत होतीस. मी एका पॅनेलकडे, तुझा बाप बंकट दुसऱ्याकडे. गावात बऱ्याच घरांत तसंच झालं होतं. बाकीच्यांचं निकालानंतर मिटलं, आमचं दोघांचं कामाचं शेड वेगळं करण्यापर्यंत गेलं. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं ही आपली रीत. म्हणजे वाटे करणाऱ्याला लबाडी करता येत नाही. मी हत्यारांचे दोन ढीग केले. एकात आमच्या वडिलांच्या पटाशा, चांगला रंधा आणि नवे पाने ठेवले. दुसऱ्यात झिजलेल्या कानशी आणि राहिलेलं किडूकमिडूक. बंकट आधी उचलणार, म्हणजे चांगलं त्याला जाईल, या हिशेबानंच तसं केलं होतं. तोंडानं घे म्हणणं मला जमलं नसतं. तो आला, दोन्ही ढिगांकडे पाहिलं, झिजलेली हत्यारं पोत्यात भरली आणि निघून गेला. गावातला रामहरी तिथंच होता. तो म्हणाला, "तुझ्या हातचं त्याला सोनंबी नको हाय बे." वाटणी बघायला जमलेले लोक हसले. मलाही तेच खरं वाटलं. त्यानंतर ना मी तुमची पायरी चढलो, ना तो माझी.

ऊसतोडीला निघायच्या आधी टोळ्या कोयत्यांना धार लावायला यायच्या, कधी माझ्याकडे, कधी त्याच्याकडे. त्याच्या हातची धार मी बोट न लावता ओळखायचो. कुणी विचारलं तर चांगली आहे म्हणायचो. तेवढंही त्याच्यापर्यंत पोचलं की नाही, माहीत नाही.

तो गेला तेव्हा मातीला आलो, सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. तेराव्याला तुमच्या दारासमोरच्या लिंबाखाली बसलो. आत ये असं कुणी म्हणालं नाही, येऊ नको असंही कुणी म्हणालं नाही. तुझी काकू आत गेली. तुझ्या आईनं तिला सांगितलं की वाटणीच्या दिवशी बंकटनं पोतं खाली ठेवलं, तेव्हा तिनं विचारलं होतं, चांगलं सोडून हे कावून उचललं. तो म्हणाला, "दादाचा हात त्या पटाशांवर बसलाय. दुसऱ्या हत्यारानं त्याला जमायचं न्हाई. माझं काय, मी कशानंबी करतो."

काकूनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी कोयत्याला मूठ बसवत होतो. वाकडी बसली. तशीच ठेवली आहे.

काकू म्हणते, बंकटचं पोतं तुमच्या शेडमध्ये गंजत पडलंय आणि तुझी आई ते भंगारात घालायचं म्हणते. घालू देऊ नकोस. ती हत्यारं आता तुला लागतील. पट्टी मी त्यांच्याच मापाची केली आहे, आणि माझ्याकडच्या, आमच्या वडिलांच्या पटाशांनाही तिच्यावर जागा ठेवली आहे. पट्टी कुणाबरोबरही धाडता आली असती. पण ती भिंतीला लावायला दोन माणसं लागतात, एकट्यानं लावली की तिरकी जाते. थोरल्या दिरानं भावजयीशी समोर बोलायचं आपल्यात नाही, म्हणून तुला लिहितो. दिवाळीला घरी आलीस की आईला विचार, त्रिंबककाका आत आला तर चालेल का. नको म्हणाली तर तिला काही बोलू नकोस, मी पट्टी ओट्यावर ठेवून जाईन. हो म्हणाली, तर मी भोकं पाडायला गिरमिट घेऊन येतो. तू एक टोक धर.

तुझाच,
त्रिंबककाका