मिठाने गवत मरतं

१२ मार्च
आज ठरलं. समुद्राच्या बंधाऱ्यापलीकडचं परदेशी गवत जूनमधल्या सणाआधी संपवायचं. दादाचा फोन होता. म्हणाला, जूनमध्ये आईला यानचेंग शहरात नेतो, फ्लॅट आहे, लिफ्ट आहे. आई दरवर्षीचंच बोलली: आपल्या बोरूच्या पानांत झोंगझी, सणाच्या भाताच्या पुड्या, बांधता येतायत तोवर मी इथून हलायची नाही. पण बोरू संपत आलाय, गवत आत घुसतंय. म्हणजे गवत गेलं की आई राहिली. साधी गोष्ट आहे.
मला एकटं राहायला काहीच अडचण नाही. प्रश्न आईचा आहे.

१४ मार्च
कोयता घेऊन गेले. चिखलात बूट रुतला, तिथेच राहिला. पाठ धरली. उद्या आराम.

२ एप्रिल
आराम झाला. कापलेलं गवत पुन्हा वीतभर वर आलंय. कापणं हा मार्गच चुकीचा.
आज सुचलं: मीठ! आमच्या पिढ्या मिठागरात गेल्या. आजोबा समुद्राचं पाणी वाफ्यात अडवून उन्हात आटवायचे. तिथे काडी उगवायची नाही. गवताभोवती बांध घालायचा, भरतीचं पाणी कोंडायचं, आटवायचं, पुन्हा कोंडायचं. हे रक्तातच असावं लागतं.
शेजारचे फान काका म्हणाले, "अगं छिन, समुद्रात वाढलेल्या गवताला मिठाची भीती? मग मासे पाण्यात बुडवून मार." त्यांचं कोळंबीचं तळं. त्यांना मिठातलं काय कळणार.

१७ एप्रिल
बांध झाला. थोडा बोरूही आत आलाय, पण बोरू आपला आहे, सोसेल. आईने बांधावर चहा आणून दिला. म्हणाली, संसारात एवढी चिकाटी दाखवली असतीस तर. मी ऐकलंच नाही.

५ मे
दुसऱ्यांदा पाणी आटलं. गवताची पानं पांढरी पडली! मरतंय! लगेच दादाला कळवलं, आई येणार नाही. तो म्हणाला, बघू. जळतो.
बोरू जरा पिवळा दिसतोय. ऊन असेल.

८ मे
पाऊस. पानांवरचा पांढरेपणा धुऊन गेला, खाली हिरवंगार. एक कोरडं पान सापडलं, चाटून बघितलं. मीठ.
फोनवर व्हिडिओ पाहिला. हे गवत खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. घामासारखं. बोरूला तसं जमत नाही, असं ती बाई सांगत होती. तिचा आवाज फार चिरका. व्हिडिओ बंद केला.

२९ मे
पानं तोडायला गेले. बांधाच्या आतला बोरू वाळून कोळ झालाय. बाहेरचा गवताने आधीच खाल्लेला. फान काका सायकल थांबवून म्हणाले, "घराण्याचं नाव राखलंस हो."
बाजारातून पानं आणली. आईला सांगितलं, आपल्याच पलीकडच्या टोकाची आहेत. तिने वास घेतला. बरं, म्हणाली. कळलं नसावं.

१० जून
सण. झोंगझी छान झाल्या. दादा गाडी घेऊन आला तेव्हा आईची पिशवी दाराशी तयार.
मी म्हटलं, अगं, पानं तर मिळाली ना. शिवाय पुढच्या वर्षीचा नवा प्लॅन आहे, या वेळी गोडं पाणी.
आई म्हणाली, "पानांचं काय गं, बाजारात ढीग पडलेत. नवऱ्याचं घर सोडून आलीस तेव्हा दिवसदिवस पडून असायचीस. तुला तशी टाकून कशी जाणार होते? काहीतरी कारण सांगत राहिले. आता सकाळी उठतेस, बूट घालतेस, गवताला शिव्या देतेस. मी सुटले बाई."
लिफ्टबद्दल दादाला दोनदा विचारलं तिने. हसत होती.
गाडी गेली. भांडी घासली. बाकी काही केलं नाही.
उद्या सकाळी उठायला हवं. गवत आहे.